ज्यांची बदली होत नाही

'शेरनी' सुरू होतो तेव्हा वाघीण दिसत नाही, एक माणूस दिसतो. जंगलात तो हातापायांवर ओणवा होऊन वाघासारखा चालतोय. झाडाला कॅमेरा ट्रॅप बांधलाय. तो नीट लागलाय का, वाघाच्या उंचीचं काही समोरून गेलं तर फोटो निघतो का, हे तपासायचंय. वाघाला 'जरा इकडून जा बघू' असं सांगता येत नाही, म्हणून माणूसच वाघ होतो.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे ह्याला टेस्टिंग म्हणतात, आणि ते करणारी माणसं लाँच पार्टीच्या फोटोत सहसा कडेला उभी असतात. त्यामुळे तो माणूस मला लगेच आपला वाटला. पुढचे दोन तास मी त्याची वाट बघत होते. पण गोष्ट त्याची नव्हती. तो खाकी कपड्यांतल्या इतर माणसांत मिसळून गेला आणि सिनेमा पुढं निघून गेला.

गेल्या महिन्यात मी ओळीनं तीन सिनेमे परत बघितले. 'आजोबा' (२०१४), 'कासव' (२०१६) आणि 'शेरनी' (२०२१). पहिले दोन मराठी, तिसरा हिंदी. वन्यजीव वाचवणारी, त्यांचा अभ्यास करणारी माणसं आपल्या सिनेमात मुळात कमी. ह्या तिन्हींत ती आहेत. तिन्ही सिनेमे मला आवडतात, हे आधीच सांगते, कारण पुढं मी बरीच कुरकुर करणार आहे. आणि ही कुरकुर करण्याचा अधिकार मला फारसा नाही, तेही आधी सांगायला हवं.

* * *

तीन वर्षांपूर्वी एका मित्राच्या ओळखीनं मी कोकणातल्या एका छोट्या संस्थेसाठी ॲप बनवलं. फुकट, शनिवार-रविवार बसून. ऑलिव्ह रिडले कासवं किनाऱ्यावर येऊन अंडी घालतात, त्या घरट्यांची नोंद ठेवायला. काम कसं चालतं, तर हंगामात कासवमित्र रात्री-पहाटे किनाऱ्यावर फेरी मारतात. वाळूवर कासवाच्या चालण्याचा माग दिसला की तो धरून घरटं शोधायचं. कुत्री-कोल्ही पोचायच्या आत अंडी अलगद काढायची, कुंपण घातलेल्या जागेत तितक्याच खोल खड्ड्यात पुन्हा ठेवायची. एका घरट्यात शंभर-सव्वाशे अंडी. मग साधारण ४५ ते ५५ दिवस राखण. पिल्लं वर आली की मोजायची आणि समुद्राकडं सोडायची.

माझं ॲप देखणं होतं. घरट्याचा नंबर, तारीख, वेळ, जीपीएस, अंड्यांची संख्या, शेवटी पिल्लांची संख्या. 'नोंद करणारा' हा रकाना ॲप आपोआप भरायचं, लॉगिन केलेल्या ईमेलवरून. मला ते फार हुशारीचं वाटलं होतं, तेवढंच टायपिंग कमी.

किनाऱ्यावर फिरणारी माणसं चार. फोन एक. लॉगिन पुण्यात बसणाऱ्या समन्वयकाचं. हंगाम संपल्यावर मी आलेख काढले, संस्थेनं त्यांचा रंगीत अहवाल छापला. सगळ्या नोंदी एकाच नावावर, आणि त्या नावाचा माणूस हंगामात दोनदा किनाऱ्यावर गेला होता. अहवाल वाटायला गेलो तेव्हा चाळिशीतल्या एका कासवमित्रानं तो पुढून-मागून उलटून पाहिला आणि अगदी साधेपणानं विचारलं, "ताई, ह्यात आमचा पत्ता कुठाय?"

मी त्यांना डेटा मॉडेल समजावून सांगायला लागले होते. आठवलं की अजून कान गरम होतात.

तर हे तीन सिनेमे मी त्या प्रश्नासकट बघितले.

* * *

'आजोबा' सुजय डहाकेचा. ऊर्मिला मातोंडकर त्यात पूर्वा राव नावाची बिबट्यांची अभ्यासक आहे. मागची खरी गोष्ट विद्या अत्रेय ह्यांच्या संशोधनाची. २००९ मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला बिबट्या बाहेर काढला गेला, त्याला जीपीएस कॉलर लावून माळशेज घाटात सोडलं, आणि तो चालत चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरापर्यंत पोचला. सुमारे १२० किलोमीटर. वाटेत महामार्ग, कसारा स्टेशनचा परिसर, वसईकडचा औद्योगिक भाग, खाडीचं पाणी. कोणाला इजा नाही. डिसेंबर २०११ मध्ये तो महामार्गावर गाडीच्या धडकेत गेला.

माझं आजोळ अकोले तालुक्यात आहे, जिथं अत्रेय ह्यांनी उसाच्या शेतांत कॅमेरे लावून बिबटे मोजले. जंगल नाही, हरणं-सांबरं नाहीत, दर चौरस किलोमीटरला तीनशेच्या वर माणसं. तरी १०० चौरस किलोमीटरमध्ये साधारण पाच प्रौढ बिबटे निघाले, आणि जवळपास तितकेच तरस. त्यांचं मुख्य खाणं गावातली कुत्री आणि इतर पाळीव जनावरं. म्हणजे बिबट्या 'जंगलातून भरकटून' आलेला नव्हता. तो तिथलाच रहिवासी होता.

दिवाळीत मामांकडं टीव्हीवर 'आजोबा' लावला. मामा शेवटपर्यंत बसले, हे विशेष. संपल्यावर मी विचारलं, "कसा वाटला?"

"चांगलाय. त्या बाईंनी कष्ट घेतले." थोडं थांबून म्हणाले, "आमची लाईट कधी येती, ते काय दाखवलं नाही."

शहरातल्या वाचकासाठी खुलासा : शेतीपंपाची वीज बऱ्याच भागांत आठवड्यातले काही दिवस रात्रीची येते. ती आली की मोटार चालू करायला आणि पाण्याची बारी द्यायला माणसाला अंधारात उसात जावंच लागतं. बिबट्याही तेव्हाच बाहेर पडतो. म्हणून बिबट्यांच्या पट्ट्यातले शेतकरी दिवसा वीज मागतात. 'मानव-बिबट्या सहजीवन' हा शब्द मामांच्या आयुष्यात येतो तो विजेच्या वेळापत्रकाच्या रूपात.

'आजोबा'चा जीव कॉलरच्या सिग्नलमध्ये आहे, आणि ते मला इंजिनिअर म्हणून भावतंही. नकाशावर एक ठिपका, काही तासांनी दुसरा. ठिपके जोडले की रेघ, रेघेची झाली गोष्ट. पण दोन ठिपक्यांच्या मध्ये काय असतं? कोणाचं तरी शेत. कोणीतरी ज्यानं बिबट्या पाहिला आणि आरडाओरडा केला नाही, किंवा केला आणि मग झोपला. १२० किलोमीटरमध्ये कोणाला इजा झाली नाही ह्याचं श्रेय आपण बिबट्याच्या शहाणपणाला देतो. वाटेतल्या माणसांच्या शहाणपणाला देत नाही. अकोल्याकडं वाघबारस पाळतात, वेशीवर वाघोबाचं ठाणं असतं. हे श्रद्धेचं आहे तसंच शेजारधर्माचंही आहे. सिनेमा जीपमधून जातो, आणि जीपमधून हे सगळं काचेबाहेरचं दृश्य दिसतं.

त्याहून मोठी संधी त्यानं घालवली ती भांडणाची. अत्रेय ह्यांच्या संशोधनातला सगळ्यात नाट्यमय भाग जुन्नरचा आहे. तिथं बिबटे पिंजऱ्यात पकडून लांबच्या जंगलात सोडायला २००१ मध्ये सुरुवात झाली. लोकांची मागणीच ती होती. उचला आणि न्या. त्याआधी तिथं वर्षाला सरासरी चार हल्ले व्हायचे. २००१ ते २००३ ह्या काळात ते वर्षाला सरासरी सतरा झाले. अभ्यासाचा निष्कर्ष असा की ही उचलाउचलच हल्ले वाढवते. आता विचार करा. एका बाईच्या हातात आकडे आहेत, आणि समोर ज्याची पोर बिबट्यानं नेली तो बाप उभा आहे. बाई म्हणतेय, पिंजरा लावू नका. बाप म्हणतोय, लावा. दोघंही खरं बोलतायत.

हा प्रसंग इतिहासजमा झालेला नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यात हल्ल्यांत लहान मुलं गेली, म्हातारी बाई गेली, आणि लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला. लोकांबरोबर काम करणं म्हणजे त्या महामार्गावर जाऊन उभं राहणं. 'आजोबा' बिबट्याला खलनायक करत नाही, हे त्याचं मोठेपण. पण कोणालाच कोणाशी नीट भांडू देत नाही, म्हणून संपल्यावर आपण हळहळतो आणि झोपतो.

* * *

सुमित्रा भावे–सुनील सुकथनकर ह्यांचा 'कासव' सगळ्यांना माहीत आहे तो नैराश्यावरचा सिनेमा म्हणून. सुवर्णकमळ मिळालेला. आत्महत्येचा प्रयत्न केलेला एक तरुण (आलोक राजवाडे), स्वतः नैराश्यातून गेलेली जानकी (इरावती हर्षे), आणि कोकणातलं एक घर, जिथं दत्ताभाऊंच्या (मोहन आगाशे) बरोबर तिचं कासवांचं काम चालतं.

माझी तक्रार उघड आहे. इथं कासव रूपक आहे. आपल्या कवचात गेलेला मुलगा, अंडी घालून निघून जाणारी आई, सांभाळून घेणारा समुद्र. अंडी वाचवण्याचं काम मनाच्या गोष्टीला पार्श्वभूमी पुरवतं. खऱ्या कोकणात ह्या कामाचा इतिहास पुरेसा नाट्यमय आहे. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं, भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ह्या शतकाच्या सुरुवातीला काम सुरू केलं. तेव्हा किनाऱ्यावरची अंडी उकरून खाल्ली, विकली जायची. पुढं तिथंच कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे गावातल्या घरांत राहायला लागले, सोलकढी आणि मोदक खाऊन पहाटे पिल्लं बघायला जायला लागले. अंड्यांपेक्षा पिल्लांतून गावात जास्त पैसा यायला लागला. पण त्याआधी कोणीतरी पहिल्यांदा ठरवलं असेल, की हे उकरायचं नाही. मिळकत नव्हती, टाळ्या नव्हत्या, शेजारी हसत असणार. त्या माणसाचा सिनेमा झालेला नाही.

तरीही, तिघांत राखणीचं काम सगळ्यात खोल 'कासव'ला कळलंय असं मला दुसऱ्यांदा बघताना वाटलं. त्या घरातली माणसं मुलाला प्रश्न विचारत नाहीत. त्याचं नावगाव खोदून काढत नाहीत. त्याला खायला देतात, आसपास राहतात आणि थांबतात. किशोर कदमचा यदू, तो छोटा पोरगा, दत्ताभाऊ, सगळे. सिनेमा संथ आहे कारण राखण संथ असते. घरट्यावर झाकण ठेवायचं, नीट आहे ना बघायचं, पण सारखं उकरून बघायचं नाही. कासवमित्रांचं कौशल्य नेमकं हे आहे. कधी हात लावायचा नाही ते कळणं. 'कासव'नं हे कौशल्य पटकथेत न सांगता सिनेमाच्या चालीत आणलंय. फक्त ते ज्यांच्याकडून घेतलं त्यांना त्यानं चौकटीच्या कडेला ठेवलं.

* * *

आता पुन्हा 'शेरनी'. अमित मसुरकरचा हा सिनेमा बघताना यवतमाळ जिल्ह्यातली टी-१ म्हणजे अवनी आठवतेच. तेरा माणसांच्या मृत्यूला जबाबदार धरलेली, नोव्हेंबर २०१८ मध्ये पांढरकवड्याजवळ गोळी घातलेली, मागं दोन बछडे ठेवून गेलेली. सिनेमातली वाघीण टी-१२ आहे, जंगल मध्य प्रदेशचं, आणि विद्या बालन विद्या व्हिन्सेंट नावाची वन अधिकारी.

तिघांत हा सगळ्यात हुशार सिनेमा, कारण त्याला कारणं कळतात. गुरं जंगलात का जातात? कारण चराईच्या जागेवर खात्यानं सागवान लावलं. वाघीण अभयारण्याकडं का जात नाही? कारण वाटेत तांब्याच्या खाणीचा अवाढव्य खड्डा आहे. कोणी एक दुष्ट माणूस हे करत नाही, फायली करतात. बॉस शेर ऐकवतो, मोहिमेआधी पूजापाठ होतो, निवडणुकीतले दोन पुढारी मेलेल्या माणसांवर भाषणं ठोकतात, शिकारीबाबू आपले आकडे सांगतात. ऑफिसात काम केलेल्या कोणालाही हे वातावरण ओळखीचं वाटेल. प्रत्येक मीटिंगमध्ये सगळे असतात, ज्याचा प्रश्न आहे तो सोडून.

आणि ह्या सिनेमात ज्योती आहे. गावातली, पंचायतीत असलेली, रोखठोक. सम्पा मंडल तिचं काम अशा सहजतेनं करते की अभिनय चाललाय हे विसरायला होतं. हसन नूरानी हे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक (विजय राज) जंगल, पाऊस आणि माणूस ह्यांची साखळी गावकऱ्यांना समजावतात. ज्योतीला ती समजावून घ्यायची गरज नाही, तिचं सरपण आणि गुरं त्याच साखळीत आहेत. ती गस्तीला येते, माहिती आणते, शेवटी बछडे सापडतात तेव्हा तिथं असते. समुदाय-आधारित संवर्धन म्हणजे काय, ह्याच्या सगळ्यात जवळ आपला सिनेमा जिथं पोचला ती जागा ही.

पण बघा. विद्याचं घर आपल्याला आतून माहीत होतं. मुंबईतला नवरा, सासू, आई, मांजराचं पिल्लू, नोकरी सोडावी का हा घोळ. ज्योतीच्या घरात रात्री काय बोलणं होतं? 'कशाला त्या खात्यावाल्यांच्या मागं फिरतेस' असं कोण म्हणतं? ज्या शेजारणीचा नवरा वाघिणीनं मारला तिच्यासमोर ती दुसऱ्या दिवशी पाणी भरायला कशी जाते? ज्योतीचं धैर्य आपल्याला तयार मिळतं. विद्याचं धैर्य मात्र तयार होताना दिसतं. पात्र आणि मुख्य पात्र ह्यांत फरक एवढाच असतो.

शेवट तर मला सगळ्यात जास्त छळतो. वाघीण मारली जाते, विद्याची बदली होते, आणि आपण तिच्याबरोबर एका संग्रहालयात पोचतो, भुसा भरलेल्या प्राण्यांमध्ये. शेवट जबरदस्त आहे, वाद नाही. पण कॅमेरा बदलीच्या ऑर्डरबरोबर निघून आला हे लक्षात घ्या. बछडे तिथंच राहिले. खाण तिथंच राहिली, सागवान तिथंच. ज्योती तिथंच. अधिकाऱ्याची गोष्ट बदलीनं संपते, अभ्यासकाची पीएचडीनं, आणि स्वयंसेवकाची, म्हणजे माझ्यासारखीची, सोमवारी सकाळी. ज्योतीची बदली होत नाही. तिच्यासाठी सिनेमा जिथं संपला तिथून काम सुरू होतं.

* * *

ह्यावर उत्तर तयार आहे आणि ते मी स्वतःलाच देऊन पाहिलंय. सिनेमाला नायक लागतो, शहरातल्या प्रेक्षकाला आत शिरायला बाहेरून आलेलं पात्र लागतं, ऊर्मिला किंवा विद्या नसती तर पैसेच उभे राहिले नसते. खरं आहे. शिवाय अभ्यासक महत्त्वाचे नाहीत असं म्हणणं मूर्खपणाचं होईल. जुन्नरचे आकडे कोणी मांडले नसते तर पिंजरेच लागत राहिले असते. गावाला सगळं कळतं, हाही एक रोमँटिक गैरसमज आहे, आणि तो बहुतेक शहरातच आढळतो.

पण 'गावात नाट्य नाही' हे मला पटत नाही. कारण गाव निर्णय घेतं तेव्हा काय घडतं ह्याची खरी उदाहरणं आहेत. नागालँडमध्ये, दोयांग जलाशयापाशी, पांगती नावाचं गाव आहे. दरवर्षी तिथं अमूर ससाणे लाखांनी येतात. २०१२ मध्ये ते मासेमारीच्या जाळ्यांत पकडून मारले जात असल्याचं काही अभ्यासकांनी जगासमोर आणलं, त्यांत आपल्या शशांक दळवीचाही वाटा होता. अंदाज होता हंगामाला सव्वा लाखाच्या आसपास पक्ष्यांचा. चित्रफीत पसरली, जग हळहळलं. इथपर्यंतची गोष्ट बाहेरच्यांची. पण २०१३ च्या हंगामात तिथं शिकार झाली नाही, आणि ती थांबवायला ग्रामपरिषदांना उभं राहावं लागलं. हातातोंडाशी आलेली मिळकत सोडायची, ती कोणाच्या सांगण्यावरून, बदल्यात काय, हे सगळं आपल्याच माणसांशी बोलावं लागलं असणार. त्याच नोव्हेंबरात तीन ससाण्यांना उपग्रह टॅग लावले, नावं ठेवली नागा, वोखा आणि पांगती. जाळ्यांची चित्रफीत आपल्यातल्या अनेकांनी बघितलीय. जाळी उतरवणाऱ्यांचा सिनेमा मला बघायचाय.

तो करायला स्टार लागेल तर लागू दे. फक्त एकदा कॅमेरा जीपमधून उतरून गावातच मुक्कामाला राहू दे. जीप निघून गेल्यावर काय बोलणं होतं, ते ऐकू दे.

* * *

ॲप मी बदललं. ईमेल काढून टाकला. आता फोन उघडला की चार चेहरे दिसतात, फेरीला जो गेला त्यानं आपल्या चेहऱ्यावर बोट ठेवायचं. दोन तासांचं काम होतं. ते करायला मला एक अख्खा हंगाम आणि एक प्रश्न लागला.

ह्या वेळी बनवण्याआधी मी चौघांना विचारलं, अजून काय हवंय. मला वाटलं फोटो मागतील, नकाशा मागतील. ज्यांनी तो पत्ता विचारला होता तेच म्हणाले, "रिकामी फेरी टाकायची सोय करा."

म्हणजे? म्हणजे दोन-अडीच तास किनारा चालून काढला, काहीच सापडलं नाही, तर ॲपमध्ये काहीच जात नाही. घरटं असेल तरच नोंद. हंगामातल्या बहुतेक रात्री अशाच जातात, आणि माझ्या डेटाप्रमाणे त्या रात्री किनाऱ्यावर कोणी नव्हतंच. संस्थेच्या जीवशास्त्रज्ञ बाईंना मी हे सांगितलं तर त्या जवळजवळ ओरडल्याच. किती शोधलं हे माहीत नसेल तर किती सापडलं ह्याला अर्थ काय? एखाद्या वर्षी घरटी कमी झाली, की फेऱ्या कमी झाल्या, हे कळणार कसं? बाईंना जे शास्त्रासाठी हवं होतं तेच त्यांना हजेरीसाठी हवं होतं.

मला तीनही सिनेमे आठवले. तिन्हींत सापडणं आहे. बिबट्या सापडतो, मुलगा सापडतो, बछडे सापडतात. रिकामी फेरी कुठं नाही.

गेल्या हंगामात नव्या ॲपमधून पहिली नोंद आली ती अशी : पहाटे ४.४०, पूर्ण किनारा, घरटं नाही. खाली चालणाऱ्याचं नाव होतं.